द्यातलोव्ह खिंड, १९५९: कोडं एक की दोन?

रानवाटा

द्यातलोव्ह खिंडीजवळ नऊ ट्रेकर्स मेले, त्यावर मराठीत जे काही फिरतं त्यात तीन गोष्टी हमखास असतात: जीभ नसलेली मुलगी, किरणोत्सारी कपडे आणि आकाशातले आगीचे गोळे. ती नऊ माणसं तंबू सोडल्यावर काय करत होती हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. गोळे आणि जीभ प्रतिसादांत येणारच आहेत, तेव्हा मी सुरुवातीला त्यांना हात लावत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रशियातलं स्वेर्दलोव्स्क, म्हणजे आजचं येकातेरिनबुर्ग. तिथल्या उरल पॉलिटेक्निकची (येल्त्सिनही याच कॉलेजातून १९५५ साली बाहेर पडले) भटकी पोरं जानेवारी १९५९ मध्ये उत्तर उरलमधल्या ओतोर्तेन डोंगराकडे स्कीवरून निघाली. लीडर इगोर द्यातलोव्ह, वय २३, रेडिओ इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. मोहीम तिसऱ्या श्रेणीची, त्या काळची सगळ्यात अवघड. गटात दोन मुली, झिनायदा कोल्मोगोरोवा आणि ल्युदमिला दुबिनिना. बाकीचे विद्यार्थी किंवा नुकतेच नोकरीला लागलेले इंजिनिअर. सेम्योन झोलोतार्योव्ह तेवढा वयाने मोठा, महायुद्धात लढून आलेला. निघाले दहा. २८ जानेवारीला युरी युदिनचं दुखणं बळावलं आणि तो परत फिरला. तो २०१३ पर्यंत जगला.

१ फेब्रुवारीला त्यांनी जादा शिधा खाली ऑस्पिया नदीच्या खोऱ्यात झाडीत ठेवला आणि चढायला लागले. हवा बिघडली, वाट चुकली, आणि संध्याकाळी त्यांनी खोलात स्याखल नावाच्या डोंगराच्या उघड्या उतारावर तंबू ठोकला. झाडी दीडेक किलोमीटर खाली होती. तिथे उतरले असते तर सरपण मिळालं असतं, वारा अडला असता. युदिनचं नंतरचं मत असं की द्यातलोव्हला कमावलेली उंची सोडायची नसेल, किंवा उतारावर मुक्कामाचा सराव करायचा असेल. ट्रेकला जाणाऱ्या कुणालाही हे पटेल. सापडलेल्या कॅमेऱ्यातल्या शेवटच्या फोटोंपैकी काहींत ते उतार खणून तंबूसाठी जागा करताना दिसतात. हे खणणं लक्षात ठेवा.

१२ फेब्रुवारीपर्यंत तार यायची होती, आली नाही. नातेवाइकांनी तगादा लावल्यावर २० तारखेला शोध सुरू झाला आणि २६ ला तंबू सापडला. अर्धा कोसळलेला, बर्फाखाली, कापड आतून चाकूने कापलेलं. बूट, कोट, खाणं सगळं आत. उताराखाली आठ-नऊ जणांच्या पावलांच्या खुणा, कुणी मोज्यांवर, कुणी एकाच बुटात. सुमारे पाचशे मीटरवर खुणा संपल्या.

खाली झाडीच्या कडेला पाइनच्या मोठ्या झाडाखाली विझलेली शेकोटी आणि दोन मृतदेह: दोरोशेन्को आणि क्रिवोनिश्चेन्को, अंगात फक्त आतले कपडे. झाडाच्या फांद्या पाच मीटर उंचीपर्यंत मोडलेल्या. झाड आणि तंबू यांच्या मधे, तंबूकडे तोंड करून परत निघाल्यासारखे, तिघे: द्यातलोव्ह झाडापासून ३०० मीटरवर, स्लोबोदिन ४८० वर, झिनायदा ६३० वर.

उरलेले चौघे थेट ४ मेला सापडले. झाडापासून पाऊणशे मीटर पुढे ओढ्याच्या घळीत, चार मीटर बर्फाखाली. आणि इथे ती गोष्ट आहे जिच्यापाशी मी नेहमी अडतो. घळीत बर्फाखाली एक बिछाना होता. चौदा लहान फर झाडांचे शेंडे आणि एक बर्चचा, नीट एकावर एक रचलेले, तीनेक चौरस मीटर जागा. त्यावर चार ठिकाणी कपडे ठेवलेले, चार माणसांनी बसायच्या जागा असाव्यात तसे. हे कपडे वर झाडाखाली मेलेल्या दोघांच्या अंगावरून चाकूने कापून आणलेले. दुबिनिनाच्या पायाला त्यातलीच एक पट्टी गुंडाळलेली. म्हणजे थंडी उणे पंचवीसच्या आसपास, पायात बूट नाहीत, बोटं बधिर, मित्र डोळ्यांसमोर गेलेत, आणि या चौघांनी चाकूने पंधरा झाडं छाटून वाऱ्याच्या आड जमीन केली. घाबरून सैरावैरा पळालेली माणसं असं करत नाहीत.

पण ते मेले बिछान्यावर नाही, त्याच्यापासून काही मीटरवर ओढ्यात. तिघांना भयानक इजा: तिबो-ब्रिन्योलची कवटी फुटलेली, दुबिनिना आणि झोलोतार्योव्ह यांच्या बरगड्या मोडलेल्या. शवविच्छेदन करणाऱ्या बोरिस वोझ्रोझ्देन्नी यांनी जबाबात सांगितलं की हा आघात भरधाव मोटारीच्या धडकेसारखा आहे. त्याच जबाबात आणखी एक वाक्य आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. अशा इजेनंतर दुबिनिना जास्तीत जास्त दहा ते वीस मिनिटं जगली असेल.

दहा ते वीस मिनिटं. मग तंबूत जखमी होऊन ती दीड किलोमीटर उतरली कशी? झाडाखालचे दोघे मरेपर्यंत थांबली कशी?

माझं म्हणणं एवढंच: आपण एकाच कारणाने नऊ माणसं मारायला बघतो, म्हणून कोडं सुटत नाही. त्या रात्री दोन अपघात झाले. पहिला तंबूत, ज्याने त्यांना बाहेर काढलं. दुसरा घळीत, काही तासांनी: ओढ्यावर साचलेलं बर्फाचं छत कोसळलं, किंवा ते त्यातून खाली दगडांवर पडले आणि वरून बर्फ आलं. मधल्या काळात थंडीने आपलं काम केलं.

---

पाठपिशवी

सुरेख मांडलंय. त्या खणण्याबद्दल मी लिहितो, कारण पहिल्या अपघाताचं उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं.

जानेवारी २०२१ मध्ये योहान गोम आणि अलेक्झांडर पुझरिन या दोघांचा (दोघे स्वित्झर्लंडच्या तंत्रविद्यापीठांतले, एक ईपीएफएल लोझानचे, दुसरे ईटीएच झुरिकचे) अभ्यास प्रसिद्ध झाला. हिमस्खलनाला जुना आक्षेप असा की तो उतार फार सौम्य आहे. त्यांनी दाखवलं की वरचं बर्फ उताराला सौम्य भासवतं, खालची जमीन मात्र जवळजवळ २८ अंशांनी उतरते. तळाशी साखरेसारखा सुटा थर, त्यावर घट्ट बर्फाचा सलग पाटा. पोरांनी तंबूसाठी खणून त्या पाट्याचा खालचा आधार काढून घेतला. लगेच काही झालं नाही. रात्रभर वाऱ्याने वरून बर्फ आणून टाकलं, ओझं वाढत गेलं, आणि साडेसात ते साडेतेरा तासांनी पाटा सुटला, असं त्यांचं गणित सांगतं.

मजेची बाब म्हणजे बर्फाच्या हालचालीचं मॉडेल त्यांनी डिस्नेच्या एका ॲनिमेशनपटासाठी लिहिलेल्या कोडवरून बांधलं, आणि बरगड्या किती जोराला मोडतात याचे आकडे जनरल मोटर्सच्या सत्तरच्या दशकातल्या अपघात-चाचण्यांतून घेतले. तंबूच्या तळाशी स्की अंथरल्या होत्या, म्हणजे पाठीखाली कडक, वरून पाटा.

हिमालयात बेसिक कोर्सला आमच्या इन्स्ट्रक्टरने पहिल्याच दिवशी दम भरला होता: उतार कापायच्या आधी वर बघा, मग खाली बघा, मग फावडं मारा. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा-२ वर उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटचे २९ जण गेले, तेही हिमस्खलनातच. तिथे सोबत मुरलेले इन्स्ट्रक्टर होते. तेव्हा "इतके अनुभवी लोक अशी चूक कशी करतील" हा मुद्दा मला कधीच पटत नाही.

---

तिरकस

वा. म्हणजे एकसष्ट वर्षं सगळे येडे आणि डिस्नेने कोडं सोडवलं.

काही साधे प्रश्न.
हिमस्खलन झालं तर तंबूपुढची स्कीची जोडी उभीच्या उभी कशी?
पावलांच्या खुणा शाबूत कशा?
कपड्यांवर किरणोत्सार कुठून आला?
मुळात अशा केसमध्ये किरणोत्साराची तपासणी करायचं कुणाच्या डोक्यात आलं?
तपास अधिकारी लेव्ह इवानोव्ह यांनी २८ मे १९५९ ला "अनिवार नैसर्गिक शक्ती" असं लिहून फाइल बंद केली, आणि १९९० मध्ये त्यांनीच लेख लिहून आगीच्या गोळ्यांचा विषय काढला. तपास अधिकारी स्वतः म्हणतोय!

बाकी पाटा, साखर वगैरे चालू द्या.

---

रानवाटा

आले गोळे. :)

तिरकसराव, खुणांचा मुद्दा फार चांगला आहे, पण तो तुमच्या बाजूने नाही. १९५९ चे फोटो बघा. खुणा खड्ड्यांसारख्या नाहीत, उलट खांबांसारख्या वर आलेल्या आहेत. पायाखाली दाबलेलं बर्फ कडक होतं, वारा आजूबाजूचं भुसभुशीत उडवून नेतो आणि पाऊल तेवढं उंच उरतं. आता विचार करा, ज्या वाऱ्याने असं खरवडलं तो तीन आठवड्यांत तंबूवरच्या पाट्याचं काय करेल? शोधपथकाला हिमस्खलनाचा ढिगारा दिसला नाही यात मला काही आश्चर्य वाटत नाही. शिवाय हा सगळा डोंगर खाली आणणारा लोंढा नव्हताच. काही मीटर सरकलेला तुकडा, एवढंच. त्यात पुढची स्की उभी राहू शकते.

किरणोत्सार: क्रिवोनिश्चेन्को मायाक अणुकारखान्यात कामाला होता. सप्टेंबर १९५७ मध्ये तिथे कचऱ्याच्या टाकीचा स्फोट झाला, किश्तिमची दुर्घटना म्हणतात ती. त्याच्या कपड्यांवर काही सापडलं नसतं तरच नवल. आणि त्याचे कपडे नंतर कुणाच्या अंगावर गेले ते वर लिहिलंच आहे.

गोळे दिसल्याच्या ठळक नोंदी १७ फेब्रुवारी आणि ३१ मार्च १९५९ च्या. पोरं गेली १ आणि २ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री.

गुप्ततेबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. सोव्हिएत सरकारने सरळ कारभार केला असता तर निम्म्या थिअऱ्या जन्मालाच आल्या नसत्या. आधी तिथल्या मूळ रहिवासी मान्सी लोकांवर संशय घेतला, त्या बिचाऱ्यांना चौकशीत घोळवलं. त्यांच्या विरोधात काहीही निघालं नाही.

---

भूलतज्ज्ञ

व्यवसायाने डॉक्टर, म्हणून जिभेचं मी निकालात काढते.

दुबिनिनाचा मृतदेह तीन महिने ओढ्यात होता, शेवटी वितळत्या पाण्यात. डोळे, जीभ, ओठ हे मऊ भाग सगळ्यात आधी जातात, पाण्याने, जंतूंनी, लहान प्राण्यांनी. झोलोतार्योव्हचेही डोळे नव्हते. यात छळाचा काही संबंध नाही.

"बाहेरून जखम नाही पण आत बरगड्या मोडलेल्या" याचंही लोकांना फार अप्रूप वाटतं. मोठ्या पृष्ठभागावर पसरलेला दाब असेल, अंगावर कपड्यांचे थर असतील, तर हेच होतं. भिंत पडून दबलेला माणूस कॅज्युअल्टीत येतो तेव्हा छातीवर कधी कधी ओरखडाही नसतो.

अति थंडीत माणूस शेवटी कपडे काढतो हेही सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरं आहे, त्वचेच्या रक्तवाहिन्या अचानक सैल होतात आणि भट्टीत बसल्यासारखं वाटतं. पण इथे ते लावायची घाई नको. कपडे कापून घेतलेत, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेत.

मला जास्त बोलका वाटतो तो क्रिवोनिश्चेन्कोचा पाय. नडगीवर खोल भाजल्याची जखम होती. आणि स्वतःच्या हाताची चावून काढलेली कातडी तोंडात होती. शेकोटीत पाय जळतोय आणि कळत नाही, म्हणून शुद्ध राहावी यासाठी हात चावतोय असं मला वाचताना वाटलं. माझा अंदाज, पुरावा नाही.

रानवाटा, दहा-वीस मिनिटांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तिच्या हृदयाच्या स्नायूत रक्तस्राव होता. असा पेशंट दीड किलोमीटर चालत नाही, उचलून नेला तरी टिकत नाही. त्यामुळे पाठपिशवी म्हणतात तसं बरगड्या तंबूतच मोडल्या, हे मला वैद्यकीयदृष्ट्या पटत नाही. पाटा तंबूवर पडला असेल, पण या इजा घळीतल्याच.

---

पाठपिशवी

डॉक्टर, मान्य. त्या अभ्यासाचा तो भाग मलाही ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. पाटा का सुटला आणि उशिरा का सुटला, हे मात्र त्यांनी चांगलं दाखवलंय. त्यांचाच पुढचा लेख मार्च २०२२ मध्ये आला. त्याच भागात नंतर गेलेल्या मोहिमांना जवळपास पाट्याची ताजी हिमस्खलनं झाल्याचं दिसलं होतं, ते त्यात आहे.

---

खडूस काकू

मी ट्रेकबिक करत नाही, मला सिंहगडाची पायरीही पुरे. एकच विचारते. तंबू पडला, ठीक. अंगावर बर्फ आलं, ठीक. मग बाजूला होऊन उकरून निदान बूट तरी काढायचे ना? दीड किलोमीटर अनवाणी कशाला जायचं?

---

उरलकर

काकू, याचं उत्तर मी देतो. मी येकातेरिनबुर्गमध्ये एमबीबीएस करतोय, मूळ गाव लातूरकडे.

इथे उणे तीसला नाकातले केस पहिल्या श्वासात चिकटतात. हातमोजा काढून बुटाची नाडी बांधायला गेलात तर पहिली गाठ बसते, दुसऱ्या गाठीला बोटं ऐकत नाहीत. बघता, पण हाताला कळत नाही की नाडी धरली आहे की नाही. हे हॉस्टेलच्या दारात, वारा नसताना, मागे हीटर चालू असताना. उघड्या उतारावर, अंधारात, वाऱ्यात, कडक झालेलं बर्फ हाताने उकरून ओल्या कापडाखालून नऊ जणांचे बूट शोधायचे? काही मिनिटांत हात जातात. त्यापेक्षा खाली झाडीत जाऊन आग पेटवायची आणि उजाडल्यावर परत यायचं, हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही.

३१ जानेवारीच्या त्यांच्या डायरीत वाऱ्याला विमान उडतानाच्या झोताची उपमा दिली आहे. आणि तेव्हा ते अजून पुरते उघड्यावर नव्हते.

अवांतर: मिखाइलोव्स्कोये स्मशानभूमीत त्यांचं स्मारक आहे, नऊ फोटो लावलेले. मी गेलो होतो तेव्हा ताजी फुलं होती. आमच्या कॉलेजात दर प्राध्यापकाची वेगळी थिअरी आहे, आणि अॅनाटॉमीवाले सर तर या विषयावर शिकवणं सोडून तासभर बोलतात.

---

खडूस काकू

पटलं. जप रे बाळा, कानटोपी घालत जा.

---

निळा डबा

रूपकुंडच्या सांगाड्यांबद्दलही येऊ द्या कुणीतरी. तिथेही आधी एकच गारपीट आणि सगळे एकदम मेले असं म्हणत होते. २०१९ च्या डीएनए तपासणीत निघालं की काही हाडं इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आसपासची आणि काही एकोणिसाव्या शतकाच्या सुमाराची, तीही पूर्व भूमध्य भागातल्या वंशाच्या लोकांची. रानवाटांचं "एकाच कारणाने सगळे मारायला बघतो" वाचून तेच आठवलं.

---

रानवाटा

निळा डबा, वेगळा धागा काढाच. इथे घेतलं तर दोन्ही विषयांचं भजं होईल.

काकूंच्या प्रश्नाला एक जोड. २०१९ मध्ये रशियाने केस पुन्हा उघडली आणि जुलै २०२० मध्ये सरकारी वकील आंद्रेई कुर्याकोव्ह यांनी हिमस्खलन हेच कारण जाहीर केलं. त्यांच्या मते पोरं आधी जवळच्या खडकांच्या आडोशाला गेली, वळून पाहिलं तर तंबू दिसेना, कारण दृश्यता सोळा मीटर. नातेवाइकांच्या बाजूने हा निकाल मान्य झालेला नाही, आणि का ते समजू शकतो. १९५९ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत सरकारला पोरांचं दफन तिकडे इवदेलला गुपचूप उरकायचं होतं, आई-वडील अडून बसले तेव्हा कुठे स्वेर्दलोव्स्कला आणलं. एकदा असा अनुभव आल्यावर माणूस साठ वर्षांनी आलेल्या कागदावर विश्वास ठेवेल का?

---

तिरकस

चला, गोळे सोडले. किरणोत्सारही सोडला, बराच.

आता टॉर्च. तंबूवर टॉर्च सापडली. टॉर्चखाली पाच-दहा सेंटिमीटर बर्फ, टॉर्चवर बर्फ नाही. बंद होती, बटण दाबल्यावर पेटली. हे शोधपथकातल्या स्लोब्त्सोव्हच्या जबाबात आहे, माझ्या मनचं नाही. जीव वाचवून पळणारा माणूस टॉर्च बंद करून छपरावर ठेवतो?

---

रानवाटा

हा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला प्रश्न.

टॉर्चखाली बर्फ होतं, म्हणजे टॉर्च ठेवली तेव्हा तंबूवर आधीच बर्फ आलेलं होतं. हे पाट्याच्या बाजूने जातं. आणि पळणारा माणूस टॉर्च ठेवत नाही हे तुम्ही म्हणताय तेही बरोबर. म्हणून मला वाटतं, ठेवणारा पळत नव्हता. तो बाहेर आलेला होता आणि कापलेल्या फटीतून आतल्यांना ओढून काढत होता. त्याला दोन्ही हात लागणार.

---

तिरकस

आणि बंद का केली?

---

पाठपिशवी

थंडीत सेल बसतात हो. आम्हीही गरज नसली की लगेच बंद करतो, हाताला सवयच लागते. उचलायला विसरला असेल, किंवा त्या वाऱ्यात परत सापडली नसेल. खाली उतारावर दुसरी एक टॉर्च मिळाली होती ना, ती मात्र चालू अवस्थेत होती, सेल संपलेले. त्यावर कुणी लिहिणार आहे का? नाहीतर रविवारी मी लिहितो.